टेरन्स हेझची कविता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या महिन्याच्या कवितावाचनाच्या बैठकीत गेली काही वर्षं टेरन्स हेझ अधूनमधून येत असतो. बैठक संपली की चपला घालता घालता कुणीतरी एक प्रश्न विचारतं, उरलेले रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तेच प्रश्न फिरून फिरून यायला लागले, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहिली. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय, फक्त सारखे होते ते एकत्र केलेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा नको म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. हा टेरन्स हेझ कोण? मी तर नावही ऐकलं नव्हतं.

आजच्या अमेरिकन कवितेतला एक महत्त्वाचा ब्लॅक कवी. जन्म १९७१ चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरातला. आई तुरुंगात पहाऱ्यावर, सावत्र वडील सैन्यात. कोकर कॉलेजात तो चित्रकला आणि इंग्रजी शिकला, बास्केटबॉलच्या संघातही चमकला. मग पिट्सबर्ग विद्यापीठातून काव्यलेखनाची पदव्युत्तर पदवी घेतली. पहिला संग्रह १९९९ साली आला, 'मस्क्युलर म्युझिक'. त्यानंतर 'हिप लॉजिक' (२००२), 'विंड इन अ बॉक्स' (२००६), 'लाइटहेड' (२०१०), 'हाउ टु बी ड्रॉन' (२०१५). २०१८ साली 'अमेरिकन सॉनेट्स फॉर माय पास्ट अँड फ्युचर असॅसिन' आला आणि कवितेच्या वर्तुळाबाहेरही त्याचं नाव झालं. 'लाइटहेड'ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, २०१४ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. बाकी पुरस्कारांची यादी लांबलचक आहे, ती वाचून कविता कळायला मदत होत नाही.

चित्रकला मात्र लक्षात ठेवा. हा माणूस ओळ लिहितो तेव्हा ती कागदावर कशी दिसते, उजव्या कडेला काय येतं, हे चित्रकाराच्या डोळ्याने बघतो. पुढे प्र. ५ मध्ये ते कामाला येईल.

२. 'हेज', 'हेस' की 'हेझ'? आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तुम्ही अरे-तुरे का करता?

हेझ. शेवटी झोपेतला नाही, 'झेड'चा झ. आणि अरे-तुरे म्हणाल, तर आपण तुकोबालाही तेच करतो.

३. इंग्रजी बेताचं आहे. सुरुवात कुठून करू?

'अमेरिकन सॉनेट्स'पासून नका करू. सगळे तिथूनच करतात आणि दहाव्या पानावर पुस्तक मिटतात. त्या कविता एकमेकींशी बोलतात. त्यांच्यासाठी कान तयार व्हायला वेळ लागतो.

त्याऐवजी 'लाइटहेड'मधली 'कार्प पोएम' घ्या. न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात तरुण कैद्यांपुढे कविता वाचायला कवी गेलाय. नारिंगी कपड्यांतल्या पोरांची दाटी बघून त्याला जपानमधलं एक तळं आठवतं. कार्प मासे तिथे इतके खच्चून भरलेले, की त्यांच्या पाठीवर पाय ठेवून पलीकडे जाता येईल असं वाटावं. शब्द सोपे आहेत, वाक्य मात्र लांबत लांबत जातं. मोठ्याने वाचा. पहिल्यांदा अर्थ सुटला तरी चालेल, श्वास कुठे घ्यायचा ते सापडलं पाहिजे.

त्यानंतर 'द गोल्डन शव्हल'. मग सॉनेट्स.

४. मराठीत काय लिहायचं: निग्रो, काळे, कृष्णवर्णीय, आफ्रिकन-अमेरिकन की ब्लॅक? प्रत्येक जण वेगळं लिहितो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो नुसता शिष्टाचाराचा नाही.

'निग्रो' हा शब्द एके काळी तिथल्या लोकांनीच मानाने वापरला आणि १९६० च्या दशकात त्यांनीच टाकून दिला. आपल्याकडच्या जुन्या लेखांत 'निग्रो साहित्य' दिसतं ते त्या काळाचं आहे. त्या लेखातलं अवतरण देताना तो शब्द ठेवा, एरवी नको.

'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री शब्द. कुणाला दुखवत नाही, पण हातमोजे घालून हात मिळवल्यासारखा वाटतो. शिवाय तो फक्त वर्ण सांगतो. ब्लॅक म्हणजे नुसता वर्ण नाही. गुलामगिरीतून आलेला इतिहास, चर्च, ब्लूज, जॅझ, बोलण्याची लकब, स्वयंपाक, विनोद असं सगळं मिळून ते नाव आहे. म्हणूनच २०२० च्या जून-जुलैत असोसिएटेड प्रेसने आणि न्यू यॉर्क टाइम्सने या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत छापायला सुरुवात केली, समाजाचं नाव लिहितात तसं. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे हा फरक आपल्याला अक्षरातून दाखवता येत नाही, शब्दच निवडावा लागतो.

'काळा' हा आपल्या भाषेतला सगळ्यात जिवंत आणि सगळ्यात अवघड शब्द. एका बाजूला 'गोरीपान' मुलगी हवी असलेल्या लग्नाच्या जाहिराती, दुसऱ्या बाजूला विटेवरचा काळा विठोबा. दोन्ही त्या एका शब्दात.

मी असं करते: माणसं आणि संस्कृती यांच्यासाठी 'ब्लॅक'. कविता स्वतः रंगाशी, अंधाराशी, रात्रीशी खेळत असेल तिथे 'काळा'. हेझच्या कवितेत ही दुसरी जागा वारंवार येते, म्हणून एकच शब्द ठरवून मोकळं होता येत नाही.

५. 'गोल्डन शव्हल' म्हणजे कविता, पुस्तक की काव्यप्रकार?

आधी कविता, नंतर काव्यप्रकार, आणि त्याच्याही आधी 'पूल' हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या अड्ड्याचं नाव.

ग्वेंडोलिन ब्रुक्स (१९१७–२०००) ही शिकागोची कवयित्री. १९५० साली पुलित्झर मिळवणारी पहिली ब्लॅक लेखक. तिची 'वी रिअल कूल' ही कविता १९५९ साली छापून आली. 'गोल्डन शव्हल' नावाच्या अड्ड्यावर सात पोरं शाळा बुडवून खेळत बसलीयत, आणि ती स्वतःबद्दल बोलतात. प्रत्येकी तीन शब्दांची आठ वाक्यं, एकूण चोवीस शब्द. शेवटची ओळ सोडली तर प्रत्येक ओळ 'वी', म्हणजे 'आम्ही', या शब्दावर संपते. वाचताना हा 'वी' दबक्या आवाजात म्हणायचा असं ब्रुक्स सांगायची. ऐटीत बोलणाऱ्या पोरांना 'आम्ही आहोत' हे मोठ्याने म्हणायची खात्री नाही. शेवटच्या वाक्यात ती लवकर मरणार असतात, आणि तिथे ओळीच्या टोकाला 'आम्ही' उरतच नाही.

हेझने काय केलं, तर ते चोवीस शब्द क्रमाने आपल्या चोवीस ओळींच्या शेवटी ठेवले आणि डावीकडून स्वतःची कविता लिहीत आणली. बापाचा पायमोजा हाताला कोपरापर्यंत पुरेल एवढा लहान मुलगा बापाबरोबर संध्याकाळी अशाच एका अड्ड्यावर जातो, मोठे पुरुष बघतो. ओळी आडव्या वाचल्या तर हेझची कविता, उजव्या कडेने उभं खाली उतरलं तर ब्रुक्सची. कवितेत १९८१ आणि १९९१ असे दोन भाग आहेत. हे पहिल्या भागाचं झालं, दुसऱ्यातली गंमत प्र. १३ मध्ये.

पुढे इतर कवींनी ही रीत उचलली आणि तिलाच गोल्डन शव्हल म्हणायला लागले. नियम एवढाच: दुसऱ्याच्या कवितेतली एक ओळ किंवा जास्त ओळी घ्या, तिचा प्रत्येक शब्द क्रमाने तुमच्या ओळींच्या शेवटी आणा, मूळ कवीचं नाव द्या. २०१७ साली ब्रुक्सच्या जन्मशताब्दीला अशा कवितांचा जाडजूड संग्रहही निघाला.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? वारसा या शब्दावर इतकी भाषणं होतात. इथे वारसा म्हणजे ओळीच्या शेवटी आधीच ठाण मांडून बसलेला शब्द. तुम्ही कुठूनही निघा, पोचायचं तिथेच. वाट मात्र तुमची.

६. मग ही आपली समस्यापूर्तीच झाली की! यात नवीन काय?

जवळची आहे, तीच नाही. समस्यापूर्तीत शेवटचा चरण दिलेला असतो आणि बाकीचे रचून तिथे पोचायचं असतं. तिथे कसब दाखवायचं असतं, दरबार वाहवा म्हणतो. तरही गझलेत मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, दिलेला असतो, तिथेही जमीन, म्हणजे वृत्त-यमकाचा साचा, तयार मिळते. गोल्डन शव्हलमध्ये दिलेली ओळ कवितेत सलग कुठेच येत नाही, ती शब्दाशब्दाने विखुरलेली असते. न सांगितलं तर पुष्कळ वाचकांना ती दिसतही नाही. दुसरं म्हणजे इथे समस्या घालणारा दुसरा कुणी नसतो. कुणाच्या शब्दांशी बांधून घ्यायचं हे कवी स्वतः ठरवतो, आणि ती निवड हाच अर्धा अर्थ.

हेझला हा उजव्या कडेचा नाद आधीपासूनच होता. 'हिप लॉजिक'मध्ये त्याने वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा नियम कवितेला लावला: शीर्षकाच्या शब्दातली अक्षरं उलटसुलट करून जे शब्द बनतील त्यांवरच ओळी संपवायच्या.

७. कलिंगडाची एकच ओळ चौदा वेळा लिहिलीय. याला कविता म्हणायचं? आमची चेष्टा चाललीय का?

चेष्टा आहेच, फक्त तुमची नाही.

'हिप लॉजिक'मधल्या त्या कवितेचं नावच 'सॉनेट', म्हणजे चौदा ओळींची कविता (प्र. ८). ओळीचा अर्थ साधारण असा: आम्ही कलिंगड कापून त्याची हसू केली. कलिंगडाची फोड आडवी धरा, लालभडक, कडेला पांढरी रेघ, हसऱ्या तोंडासारखी दिसते. पोरांच्या सुट्टीतलं चित्र वाटतं.

आता त्यामागचं. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या अनेक ब्लॅक कुटुंबांनी कलिंगडं लावली, विकली, त्यावर पोट भरलं. स्वतःच्या कष्टाची कमाई होती ती. गोऱ्यांच्या व्यंगचित्रांनी त्याच फळाला हत्यार केलं: आळशी, खादाड, दात विचकून कलिंगड खाणारा काळा माणूस. पोस्टकार्डांवर, जाहिरातींत, तमाशांत दशकानुदशकं तेच चित्र. त्यामुळे ब्लॅक माणसाने चारचौघांत कलिंगडाची फोड हातात धरणं ही साधी गोष्ट राहिली नाही.

आता ओळ चौदा वेळा वाचा, खरंच मोठ्याने वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हसू येतं. सहाव्या वेळी कंटाळा. दहाव्या वेळेपर्यंत 'कापून' हा शब्द टोचायला लागतो. आणि ते हसू कुणाचं, आपलं की चेहऱ्यावर चिकटवलेलं, हे सांगता येईनासं होतं. आमच्या बैठकीत एकदा चौदा जणांनी एकेक ओळ वाचली. शेवटच्या तिघांना ती वाचवेना.

८. सॉनेट म्हणजे सुनीत ना? मग यमकं कुठे आहेत?

हो, केशवसुतांनी मराठीत आणलं आणि पुढे रविकिरण मंडळाच्या काळात बहरलं तेच. चौदा ओळी, ठरलेली यमकं, आठव्या-नवव्या ओळीच्या आसपास विचाराला दिलेली कलाटणी. हेझ चौदा ओळी ठेवतो, कलाटणी ठेवतो (एक नाही, तीन-चार देतो), यमक सोडतो. ओळीच्या आत मात्र नादाचा नुसता गोंगाट असतो.

'अमेरिकन सॉनेट' हे नाव त्याचं नाही. लॉस एंजेलिसच्या वांडा कोलमन (१९४६–२०१३) या ब्लॅक कवयित्रीने त्या नावाने सॉनेटांची मोठी मालिका लिहिली. जॅझमध्ये धून घेऊन तिच्यावर मनमुराद वाजवतात, तसं तिने या युरोपीय साच्याचं केलं. कोलमन हयातभर गरिबीशी झगडली, तिला हवा तेवढा मान मिळाला नाही. हेझने पुस्तकाच्या सुरुवातीलाच तिचं ऋण मानलंय आणि २०२० साली तिच्या निवडक कवितांचं संपादनही केलं. हेझ आवडला असेल तर पुढचं पुस्तक तिचंच घ्या.

त्याच्या पुस्तकात सत्तर सॉनेटं आहेत आणि सगळ्यांचं शीर्षक एकच. त्यामुळे 'ती पंचेचाळीसाव्या पानावरची' असंच म्हणावं लागतं. चौदा पंचे सत्तर, हा हिशेब अर्थात जाणूनबुजून.

९. शीर्षकातला मारेकरी कोण? ट्रम्पच ना?

तोही. या कविता डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्यानंतरच्या महिन्यांत लिहायला घेतल्या, ती धग त्यांत आहे. पण 'भूतकाळातला आणि भविष्यातला मारेकरी' म्हटल्यावर एक माणूस पुरत नाही. कधी तो वंशद्वेष असतो, कधी अख्खी अमेरिका, कधी आरशातला स्वतः कवी, आणि एखाद्या कवितेत तो प्रियकरासारखा वाटायला लागतो. तिथे वाचक अडखळतात. सॉनेट हा मुळात प्रेमपत्राचा साचा, आणि हेझ तो मारेकऱ्याला पत्र लिहायला वापरतो.

एका प्रसिद्ध सॉनेटात तो मारेकऱ्याला सॉनेटमध्येच कोंडून घालतो. ही खोली थोडी तुरुंग आहे, थोडी संकटात लपायची जागा, आणि ती आहे पेटलेल्या घरात. पुढे तीच खोली संगीताची पेटी होते आणि मांस दळायचं यंत्रही. अखेरीस कबुली येते: तुझ्यावर प्रेम करणं पुरेसं नाही, तुझा नाश व्हावा असं वाटणंही पुरेसं नाही. कोंडणारा आणि कोंडलेला दोघंही त्याच चौदा ओळींत आहेत, हे विसरू नका. तुरुंगाच्या पहारेकरणीचा मुलगा आहे तो, कुलपाला दोन बाजू असतात हे त्याला घरातच कळलं असणार.

१०. त्याच सॉनेटात व्यायामशाळा आणि कावळा मध्येच कुठून आले?

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांनी शाळा, बस, नळ, थिएटर, सगळीकडे गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे केले. ते १९६० च्या दशकापर्यंत चालले. त्यांना 'जिम क्रो' म्हणत. हे नाव मुळात तोंडाला काळं फासून नाचणाऱ्या एका गोऱ्या नटाच्या पात्राचं. हेझ त्याचे दोन तुकडे करतो: जिम म्हणजे व्यायामशाळा आणि क्रो म्हणजे कावळा. आणि मारेकऱ्याला दोन्ही करून टाकतो. रात्री व्यायामशाळेत अडकलेला कावळाही तू आणि त्याची घाण जिच्या फरशीवर पडते ती व्यायामशाळाही तू.

भाषांतरात हे फसतं. 'जिम' मराठीत रुळलाय, तेवढं अर्धं साधतं. 'कावळा' म्हटलं की कायदा गळून पडतो आणि पिंडाला शिवायला आलेला कावळा आत येतो. तसा तो इथे अगदीच परका नाही, पण ती हेझची कविता राहत नाही, आपली होते. मी 'जिम' आणि 'क्रो' तसेच ठेवते आणि वाचनाआधी दोन वाक्यांत जिम क्रो सांगते. विनोद समजावून सांगितला की मरतो हे खरं, पण हा विनोद मेल्यावरही चावतो.

११. म्हणजे हेझ हा त्यांचा नामदेव ढसाळच, बरोबर?

नाही. नाही म्हणताना मलाही जरा वाईट वाटतं, कारण धागा खराच आहे. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली, तिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. ढसाळांचा 'गोलपिठा' आला १९७२ साली, हेझ तेव्हा रांगत असेल.

त्यामुळे मराठी वाचक ब्लॅक कवितेकडे दलित कवितेच्या दारातून जातो. चांगलं दार आहे. अपमान म्हणजे काय, हे या वाचकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अडचण आत गेल्यावर होते. 'विद्रोह' शोधायची सवय इतकी पक्की, की विद्रोह सापडला की वाचणं थांबतं. हेझच्या कवितेत संताप आहेच, पण तो कोट्या करत येतो, कोडी घालतो, नियम करतो आणि मोडतो. पॉवरपॉइंटसारख्या सादरीकरणाचा वीस चित्रं, प्रत्येकी वीस सेकंद हा जपानी प्रकार, 'पेचाकुचा', त्यालाही त्याने 'लाइटहेड'मध्ये कवितेचा साचा केलंय. हे बघून 'हा तर नुसता खेळतोय' अशी नाराजी मी ऐकलीय. खेळण्याची मुभा फक्त गोऱ्या कवीला का असावी?

खरं तर ढसाळांनाही आपण असंच अर्धं वाचलं. शिव्या मोजल्या, भाषेतली मौज बघितली नाही.

१२. एकेका कवितेत इतके संदर्भ! सगळे माहीत असल्याशिवाय कळत नसेल, तर वाचायचं कशाला?

सगळे नको, दोन-तीन पुरतात. उदाहरणार्थ, एका सॉनेटात तो नुसती गावांची नावं घेतो: सॅनफर्ड, फर्ग्युसन, चार्ल्सटन, क्लीव्हलंड, बाल्टिमोर. तिथे काहीतरी घडलं, एवढंच म्हणतो. काय ते सांगत नाही. अमेरिकन वाचकाला प्रत्येक नावामागे पोलिसांच्या किंवा इतर कुणाच्या हातून मेलेला ब्लॅक मुलगा, माणूस, चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली माणसं दिसतात. सॅनफर्ड २०१२, फर्ग्युसन २०१४, चार्ल्सटन २०१५. आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. खैरलांजी म्हटल्यावर पुढचं वाक्य कोण बोलतं?

जेम्स बाल्डविन या ब्लॅक लेखकाच्या चेहऱ्यावरची कविता मात्र बाल्डविनचा एक फोटो समोर ठेवूनच वाचा. त्या सुरकुत्या पाहिल्याशिवाय मजा नाही.

१३. मूळ ओळीतला शब्द जसाच्या तसा बसत नसेल तर? रूप बदललं तर गोल्डन शव्हल बाद होतो का?

हा प्रश्न काटेकोर लोक विचारतात, आणि उत्तर ऐकून खट्टू होतात. हेझने स्वतःच, त्याच कवितेच्या १९९१ च्या भागात, हा नियम वाकवलाय. 'वी' हा शब्द हवा तर 'वीकन्ड' (दुबळं झालेलं) हा शब्द मधोमध तोडून पुढचा तुकडा खालच्या ओळीत ढकललाय. 'रिअल' हवा तर तो 'इथिरिअल' या लांब शब्दाच्या पोटात लपवलाय. पहिल्या भागात बाप बरोबर होता, ब्रुक्सचे शब्द अखंड होते. दुसऱ्या भागात, दहा वर्षांनंतर, तेच शब्द फुटलेले, शोधावे लागणारे.

तेव्हा बाद वगैरे काही नाही. फक्त मोडलात तर मोडण्याला कारण असू द्या. आणि मूळ कवीचं नाव गाळायला मात्र कुठलंच कारण चालत नाही. त्याशिवाय ती उचलेगिरी.

१४. मराठीत गोल्डन शव्हल लिहिता येईल का? आपलं क्रियापद तर शेवटी येतं.

येतो, पण घाम काढतो. अडचणी दोन. एक तुम्ही म्हणता ती: मराठी ओळ 'आहे', 'होता', 'गेला' वर संपायला बघते, तिथे भलताच शब्द आणायचा तर वाक्य मध्ये तोडावं लागतं. दुसरी विभक्तीची: मूळ ओळीत 'आकाशात' असेल तर 'आकाश' चालत नाही. म्हणून कमी प्रत्ययांची, आखूड शब्दांची ओळ निवडा. मी केशवसुतांची 'एक तुतारी द्या मज आणुनि' घेऊन बघितली:

लग्नघराबाहेर वाजवणाऱ्यांत पोरगा होता एक,
त्याच्या उंचीपेक्षा लांब तुतारी.
कुणी म्हणालं, यांना आधी जेवायला द्या.
आजी पुटपुटली ते तेव्हा कळलं नव्हतं मज:
वाजवणारे बाहेर ठेवले, वाजवणं आत आणुनि.

'मज' अजूनही बोचतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा शब्द आजच्या बोलीत बसत नाही, आणि मी तो बदलूही शकत नाही. तीच तर या प्रकाराची अट आहे. 'आणुनि'ने मात्र मला अशी ओळ दिली जी मी एरवी लिहिली नसती.

१५. वंशवादी गोऱ्या कवींनाही तो मान देतो. हे कसं चालतं?

'स्नो फॉर वॉलेस स्टीव्हन्स' ही कविता वाचा. स्टीव्हन्स (१८७९–१९५५) हार्टफर्डच्या विमा कंपनीत मोठा अधिकारी आणि विसाव्या शतकातला थोर अमेरिकन कवी. त्याच्या एका कवितेच्या शीर्षकातच ब्लॅक लोकांसाठीची शिवी आहे. हेझ त्याला माफ करत नाही, फेकूनही देत नाही. भाषेवरचा विश्वास उडाल्यावर मीही भाषेवरच विश्वास ठेवला, अशा अर्थाचं तो म्हणतो. त्या 'मीही'त सगळं आलं. बर्फाचं शहर बांधणाऱ्या त्या गोऱ्या कवीशी त्याचं नातं या एका गोष्टीपुरतं आहे आणि तेवढं तो नाकारत नाही. मनुस्मृतीही वाचायची आणि ज्ञानेश्वरीही, पण कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं, हे आपल्यालाही करावं लागतंच की.

१६. 'टु फ्लोट इन द स्पेस बिटवीन' हे चरित्र आहे का?

नाही. एथरिज नाइट (१९३१–१९९१) हा तुरुंगात असताना कवी झालेला ब्लॅक कवी. त्याच्याभोवती फिरणारे हेझचे निबंध, आठवणी आणि रेखाटनं असं ते पुस्तक आहे. नाइटचं पूर्ण चरित्र हवं असेल तर निराश व्हाल. एका कवीने दुसऱ्याला वडील मानणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर नाही होणार.

१७. मी दोन कवितांचं भाषांतर केलंय. दिवाळी अंकाला पाठवू का?

परवानगीशिवाय नको. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो, आणि हेझच्या बाबतीत प्रकाशक पेंग्विनला विचारावं लागेल. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे ब्रुक्ससुद्धा २०६० सालापर्यंत मोकळी नाही. लेखात चर्चेसाठी दोन-चार ओळी उद्धृत करणं वेगळं, अख्खी कविता छापणं वेगळं. संपादक 'चालतं हो' म्हणतात. नाही चालत.

१८. त्याचं नवीन काय आहे?

२०२३ साली दोन पुस्तकं एकदम आली. 'सो टु स्पीक' हा कवितासंग्रह, त्यात पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडवरची कविता आहे आणि 'स्वतः करून बघा' छापाच्या सचित्र सेस्टिनाही आहेत (सेस्टिना म्हणजे ठरलेले सहा शब्द ओळींच्या शेवटी फिरवत नेणारा काव्यप्रकार). 'वॉच युअर लँग्वेज' हे गद्य, अमेरिकन कवितेच्या शंभर वर्षांकडे प्रश्न विचारत, चित्रं काढत बघणारं. दुसरं मला जास्त आवडलं.

१९. कवितेत ती शिवी आली तर मोठ्याने वाचायची का? आमच्या कॉलेजात यावरून वाद झाला.

ती म्हणजे ब्लॅक लोकांसाठीची शिवी (प्र. १५). प्र. १२ मध्ये गावांच्या नावांची जी कविता सांगितली, तिच्यातच ती येते. हेझने ती लिहिलीय, कारण ती त्याच्या लोकांच्या तोंडची, त्यांच्यात आपापसांत फिरणारी आहे. अमेरिकेत गोरा प्राध्यापक ती वर्गात उच्चारत नाही. मग आपण, जे गोरेही नाही आणि ब्लॅकही नाही?

'आपला काय संबंध, आपण वाचू' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारते, एखाद्या अमेरिकन वर्गात ढसाळांची किंवा दुसऱ्या कुणाची कविता चालू असताना एखादा परका माणूस आपल्याकडची जातिवाचक शिवी सहज, उच्चार चुकवत, म्हणून गेला तर कसं वाटेल? बहुतेक जण गप्प होतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मला चालेल, कवीने लिहिलंय ना." तिची जात मला ठाऊक नव्हती आणि विचारायचा प्रश्नच नव्हता. तिचं म्हणणं मी खोडू शकले नाही.

कागदावर शब्द तसाच ठेवायचा, झाकायचा नाही, ठिपके द्यायचे नाहीत. कवीने लिहिलेलं आपण पुसायचं नाही. मोठ्याने वाचताना मी त्या जागी थांबते. शब्दाला लागेल तेवढाच वेळ. ऐकणाऱ्यांच्या हातात कागद असतोच. मग पुढच्या शब्दावर जाते.